बद्द आवाज

मिस्त्रीनं पिशवीतून छिन्नी आधी काढलीच नाही. हातोडी उलटी धरून तिच्या लाकडी दांड्यानं तो न्हाणीची भिंत वरून खाली वाजवत गेला. टणक आवाज आला की पुढं, बद्द आवाज आला की कोळशानं गोल. नळाखालचा बहुतेक भाग आणि कोपऱ्यातला कमरेइतका पट्टा बघता बघता गोलांनी भरला. "काका, हे सारं फुगून राह्यलं. याच्यावर नवी टाइल दिवाळीले लागन अन् होळीले पडन."

टाइलच्या दुकानात मला 'टाइलवर टाइल'चा सल्ला मिळाला होता. तोडफोड नाही, धूळ नाही, वरून चिकटद्रव्य लावून नवी टाइल बसवायची. हे तंत्र खोटं नाही. पण ते खालची टाइल घट्ट असेल तरच चालतं. पोकळ टाइलवर आणखी एका टाइलचं वजन घालायचं म्हणजे दोन्ही एकदम खाली येण्याची सोय करणं.

धामणगाव रेल्वेतल्या जुन्या घरांची गोष्ट जरा वेगळी आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला, त्याच मार्गावरचं हे कापसाचं गाव. इथल्या जुन्या बांधकामांत वीट आणि चुना. आमच्या भिंतीलाही आतून चुन्याचा गिलावा, वरून नीरूचा, म्हणजे गुळगुळीत चुन्याचा, हात. पुढं कधीतरी त्या गुळगुळीत नीरूवरच सिमेंट थापून चार इंची पांढऱ्या टाइल्स लावल्या गेल्या. खाली मऊ चुना, वर कडक सिमेंट, आणि मधे धरायला काहीच नाही. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावरचं घर थोडं थोडं हलत राहतं. चुना ही हालचाल बरीच सोसतो. सिमेंट सोसत नाही, सुटून येतं.

तोडायच्या आधी न्हाणी ट्रॅपमध्ये पोत्याचा बोळा घट्ट कोंबला. मलबा एकदा पाइपात गेला की टाइलपेक्षा तो काढणंच महाग पडतं. ब्रेकर मशीन मिस्त्रीनं नाकारलं. चुन्यातली वीट तिच्या हादऱ्यानं ढिली होते, म्हणून छिन्नी तिरपी धरून वरच्या ओळीपासून सुरुवात केली. बद्द जागेवर दोन ठोक्यांत टाइल सिमेंटसकट हातात येई. तिच्या पाठीला सिमेंटचा जाड थर, आणि भिंतीवरची नीरू मात्र धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ! इतकी वर्षं या टाइल्स कशाच्या आधारानं उभ्या होत्या, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

खालच्या पट्ट्यात लोणा लागला होता. बोट फिरवलं की विटेचा लाल भुगा पडायचा आणि त्यात क्षाराची पांढरी पूड. तारेच्या ब्रशनं घासलं तरी भुगा येतच राहिला, तेव्हा मऊ पडलेल्या विटा काढून तिथं नव्या घातल्या. गळत होता तो भिंतीत पुरलेला जुना लोखंडी नळ. तो काढून सीपीव्हीसी टाकला आणि त्याची भिंतीतली झिरी बुजवण्याआधी दाबानं पाणी सोडून सगळे सांधे तपासले. बुजवलेल्या झिरीवर कोंबडी जाळी मारली, नाहीतर नेमकी तिथंच पुढं चीर येते.

खरी कसोटी कुठं थांबायचं याची असते. सगळीच भिंत विटेपर्यंत खरवडली तर जुनी वीट दुखावते आणि खर्च वाढतो; कमी खरवडली तर रोग आतच राहतो. चांगला मिस्त्री प्रत्येक हातभर जागेवर पुन्हा वाजवून ठरवतो. जिथला गिलावा टणक होता तो आमच्या मिस्त्रीनं ठेवला, पण त्याच्यावर बोटभर अंतरानं छिन्नीचे टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारले. टाच्याशिवाय गुळगुळीत भिंत काहीच धरत नाही, आणि ऑइलपेंट असेल तर मुळीच नाही.

आणि नेमकं हेच काम लोक उरकून टाकतात. कारण पैशाच्या हिशेबात आहे. टाइलचा ठेका चौरस फुटावर असतो. टाचे मारणाऱ्या मिस्त्रीचे फूट वाढत नाहीत. म्हणून तोडणं, टाचणं आणि छपाई, म्हणजे नवा गिलावा, मी रोजीवर दिली, टाइल फुटावर. शेजाऱ्यांना हा उधळेपणा वाटला. वाटू दे.

छपाईआधी ओळंबा सोडला तर भिंत डोक्याशी एका बाजूला, पायाशी दुसऱ्या बाजूला. कोपरा गुण्यात आहे का ते तीन-चार-पाचच्या मापानं पाहिलं: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, तर तिरकस पाच यायला हवं. आमचं आलं नाही. फरक छपाईत भरून काढायचा, पण एकाच थरात नाही; जाड थर स्वतःच्या वजनानं सुटतो. एकास चार माल, दोन हात, आणि वरचा हात मुद्दाम खरबरीत. मग तराई. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळी हवेत छपाई सकाळी ओली आणि दुपारी कोरडीठाक असते, म्हणून आठवडाभर पाणी मारत राहिलो.

मधल्या वेळात टाइल निवडली. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणून सिमेंटवर लावताना आधी भिजवतात. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. ती सिमेंटला नीट धरत नाही, तिला चिकटद्रव्यच लागतं. आम्ही साधी घेतली.

जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन, ट्रॅप बंद करून एक दिवस पाणी साठवून पाहिलं. पाणी उतरलं नाही. मग मिस्त्रीनं जमिनीलगतची एक ओळ सोडून भिंतीवर आडवी पट्टी ठोकली आणि पहिली टाइल तिच्यावर टेकवली. "खालची ओळ मंग," तो म्हणाला, "जमिनीचा उतार ठरला का त्या मापानं कापू."