बर्फाने ठेवलेले खळगे

'पॉटहोल' हा शब्द भूगोलाच्या शिक्षकांपुढे उच्चारला, की निघोजच्या कुकडी नदीतले रांजणखळगे आठवतात. वाहत्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले ते खळगे. उत्तर अमेरिकेतील 'प्रेअरी पॉटहोल' प्रदेशाचे त्यांच्याशी साम्य मात्र नावापुरतेच आहे. तिथले खळगे जागच्या जागी थबकलेल्या बर्फाने घडवले. हा फरक नीट ध्यानात आला, तर तिथल्या बदकांचे कोडेही सुटते आणि कोर्टातल्या वादाचेही.

कॅनडातील अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि अमेरिकेतील माँटाना, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटा, आयोवा यांच्या काही भागांत मिळून हा गवताळ प्रदेश पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख चौरस किलोमीटर. विमानातून पाहिले तर शेतांमधून लाखो तळी आणि डबकी विखुरलेली दिसतात. त्यांतली बहुतेक अगदी लहान असतात.

हिमनदीचे कार्य शिकवताना आपण डोंगरातली 'यू' आकाराची दरी दाखवतो. इथे मात्र सपाट भूमीवर लॉरेन्टाइड नावाचा खंडव्यापी हिमस्तर पसरलेला होता. साधारण १२ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तो या भागातून मागे हटला. 'मागे हटला' म्हणजे बर्फ उलटा चालत गेला, असे मुलांना वाटते. तसे नसते. बर्फ पुढेच सरकत असतो, पण वितळण्याचा वेग वाढला की त्याची कड मागे जाते. असे होताना अनेक ठिकाणी कडेचे प्रचंड तुकडे मूळ हिमस्तरापासून सुटले आणि तिथेच पडून राहिले. बर्फाने सोबत आणलेली चिकणमाती, वाळू आणि गोटे यांच्या थराखाली ते गाडले गेले. या पांघरुणामुळे काही तुकडे पुरते वितळायला हजारो वर्षे लागली. वितळल्यावर वरची माती खाली बसली आणि खळगा तयार झाला.

वर्गात हे सहज दाखवता येते. परातीत ओली वाळू घ्या, तिच्यात बर्फाचे लहानमोठे खडे पुरा, वर पातळ थर द्या आणि तासाभराने पाहा. प्रत्येक खड्याच्या जागी खळगा दिसेल. एका खळग्यातून दुसऱ्यात जाणारी वाट आहे का, हेही मुलांना शोधायला सांगा. ती नसते. प्रत्यक्षातही बहुतेक तळ्यांना ना ओढा येऊन मिळतो, ना त्यांतून ओढा निघतो. नद्यांचे जाळे कोरले जाण्याच्या दृष्टीने ही भूमी फार तरुण आहे आणि हवामानही कोरडेच. वसंतात गोठलेल्या जमिनीवरून वितळत्या बर्फाचे पाणी खळग्यांत उतरते, खालची चिकणमाती ते धरून ठेवते आणि उन्हाळ्यात त्याची वाफ होते. काही तळी महिन्याभरात आटतात, तर काही वर्षानुवर्षे टिकतात.

उत्तर अमेरिकेतील बदकांच्या विणीच्या क्षेत्रापैकी जेमतेम दहावा भाग इथे आहे, पण सरासरी वर्षात तिथली सुमारे निम्मी बदके इथेच जन्मतात. आपल्याकडे उजनीसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात दिसणारे थापट्या आणि तलवार बदक याच जातींचे. आपले पाहुणे अर्थात युरेशियाच्या उत्तरेकडून येतात. इतकी बदके इथेच का? उथळ पाणी लवकर तापते आणि त्यात किडे, अळ्या, गोगलगायी यांची झुंबड उडते. अंडी घालण्यासाठी मादीला लागणारी प्रथिने तिथे मिळतात. शिवाय प्रत्येक जोडीला इतरांपासून आडोसा हवा असतो. त्यामुळे एका मोठ्या सरोवरापेक्षा तेवढ्याच पाण्याच्या शंभर डबक्यांवर कितीतरी जास्त जोड्या मावतात. पिल्ले झाली की मादी त्यांना घेऊन जास्त टिकणाऱ्या तळ्याकडे जाते.

तळी आटणे हेही इथे संकट नव्हे. आमच्या मते मुलांना सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. तळे आटले की किडे फस्त करणारे मासे मरतात, तळचा गाळ उघडा पडून कुजू लागतो आणि त्यात दडलेले पाणवनस्पतींचे बी रुजते. पुन्हा पाणी भरले की तळे पहिल्यापेक्षा समृद्ध होते. मग पाणकणसे माजतात, मस्करॅट नावाचे उंदरासारखे पाणप्राणी ती कुरतडून मोकळे पाणी करतात, आणि चक्र पुढे चालू राहते. पाणी कायम एकाच पातळीवर राखले, तर ही समृद्धी ओसरते.

पण बर्फाने मागे ठेवलेली ही माती शेतीला उत्तम. जमिनीखाली नळ्या पुरून खळग्यातले पाणी चरांत सोडले की शेत सलग होते. आयोवा राज्यातील ८९ टक्के पाणथळ जागा १९८० च्या दशकापर्यंत दोनशे वर्षांत नाहीशा झाल्या. नॉर्थ डकोटात हे प्रमाण ४९ टक्के होते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर रुतवणारे डबके त्याच्या डोळ्यांना निराळे दिसणारच. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावे लागते. पहिल्या तिकिटाचे चित्र व्यंगचित्रकार जे डार्लिंग यांनी काढले होते. या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या जातात किंवा त्या न बुजवण्याचे हक्क शेतकऱ्यांकडून घेतले जातात. १९८५ च्या कायद्याने पाणथळ जागा शेतीखाली आणणाऱ्याचे सरकारी अनुदान बंद करण्याची तरतूद केली.

जलप्रदूषणविरोधी कायद्याचे संरक्षण मात्र आकसत गेले. 'एकाकी' तळ्यांचे संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कमी केले. २०२३ मध्ये तर असे ठरवले, की पाणथळ जागेचे पाणी नदी-सरोवराच्या पाण्याशी पृष्ठभागावर सलग जोडलेले असेल तरच हा कायदा तिला लागू होईल. पुरलेल्या बर्फाने घडवलेल्या खळग्याला असा जोड कुठून असणार? एखाद्या तळ्यातून ओढा निघतो तेव्हा बहुधा कोणीतरी तिथे चर खणलेला असतो.