दोष डिझेलचा की टाकीच्या झाकणाचा?

गळीत हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ट्रॅक्टरला उसंत नसते. न्हावरे, मांडवगण फराटा, राहू, पारगाव, पाटस या पट्ट्यात ऊस कारखान्यावर किंवा गुऱ्हाळावर पोहोचवायचा, मग खोडवा, मग उन्हाळी नांगरट. त्यानंतर हेच यंत्र पावसाळ्यात कित्येक दिवस दारात उभे राहते. पुन्हा काम निघाले की ते चालू होते, थोडे अंतर जाते आणि बंद पडते. एअर काढली की पुन्हा चालते, पुन्हा थांबते. बोल मात्र पेट्रोल पंपाला लागतो, नाहीतर मेस्त्रीला. वीस-पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आधी डोकावून पाहावे ते डिझेलच्या टाकीत.

गैरसमज : टाकीत पाणी निघाले म्हणजे पंपावर भेसळ झाली.

वस्तुस्थिती : तशी शक्यता असतेच. शंका आली तर पंपावर डिझेलची घनता मोजून दाखवायला सांगता येते आणि ती नोंदीशी ताडून पाहता येते. पण पाणी शिरण्याच्या बऱ्याच वाटा आपल्याच अंगणात असतात. झाकणाखालचे रबर वाळून चिरलेले असते, झाकणाभोवतीच्या खळग्यात पावसाचे पाणी साचते, धुताना जोराचा फवारा नेमका तिथेच बसतो. त्याहून मोठी वाट म्हणजे उघड्यावर उभे ठेवलेले २०० लिटरचे बॅरल. बॅरलच्या कडेमुळे वरच्या पत्र्यावर पाणी तुंबते. दिवसा डिझेल आणि आतली हवा प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते आणि बूच किंचित सैल असले तरी वरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून बॅरल छपराखाली ठेवावे किंवा आडवे करून दोन्ही बुचे डिझेलच्या पातळीखाली राहतील असे ठेवावे. मग हवा आत ओढलीच जात नाही.

गैरसमज : आमचा भाग कोरडा; इथे टाकीला घाम कुठला?

वस्तुस्थिती : दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, हे खरे. पण हिवाळ्यात इथे रात्र १० अंशांच्या आसपास उतरते आणि दुपार ३० अंशांवर जाते, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर आतून दव धरते. मात्र या दवाला फार मोठे समजू नये. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेतही घनमीटरला सुमारे ३० ग्रॅमच बाष्प असते. टाकीत ४० लिटर जागा रिकामी असेल, तर त्या सगळ्या हवेत मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास पाणी भरते. शिवाय रोजच्या थंडी-उन्हाने त्यातली थोडीच हवा आत-बाहेर होते. म्हणजे टाकीतून पेलाभर पाणी निघाले, तर ते दवाचे नव्हे; झाकण, बॅरल किंवा कॅन तपासा. दवाचा त्रास वेगळा आहे. थेंब थोडे असले तरी ते वर्षानुवर्षे काढलेच जात नाहीत आणि उघड्या पत्र्याला आतून गंज धरतो. म्हणून ट्रॅक्टर उभा करताना टाकी जवळजवळ भरलेली असावी, प्रसरणापुरती थोडी जागा सोडून.

गैरसमज : कारखान्यांचे इथेनॉल डिझेलमध्येही जाते, म्हणून ते पाणी धरते.

वस्तुस्थिती : उसाच्या पट्ट्यात हा समज पसरणे साहजिक आहे. पण इथेनॉल मिसळले जाते ते पेट्रोलमध्ये, आता २० टक्क्यांपर्यंत. पंपावरच्या नेहमीच्या डिझेलमध्ये ते नसते. पाणी आणि डिझेल एकमेकांत जवळपास मिसळतच नाहीत. लिटरभर पाणी एक किलोचे, तर लिटरभर डिझेल साधारण ८२० ते ८४५ ग्रॅमचे. त्यामुळे पाणी तळाशी बसते.

गैरसमज : तळाशी बसते, तर इंजिनाचे काय बिघडते?

वस्तुस्थिती : इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून थोडी वर असते, म्हणून उभ्या ट्रॅक्टरमध्ये हे खरे वाटते. ढेकळांच्या रानात किंवा भरलेली ट्रॉली ओढताना टाकी हिंदकळते आणि तळातले पाणी, गंज, गाळ सगळेच नळीच्या तोंडाशी येते. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपातला प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात आणि तिथे वंगणाचे काम डिझेलच करते. पाण्याला ते जमत नाही. परिणामी पंप झिजतो, नोझल खराब होतात, आणि खर्च टाकी धुण्याच्या कितीतरी पट येतो.

गैरसमज : टाकीतला काळा बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ.

वस्तुस्थिती : शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत तर अंधार. तो थर जिवाणू आणि बुरशीचा असतो. ते पाण्यात राहतात आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे डिझेलवर पोसतात. पाणी काढून टाकले की त्यांची वाढ खुंटते. बाजारातले औषध घालून ते मरतात, पण मेलेला थर टाकीतच राहतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आधी पाणी काढायचे, मग टाकी धुवायची. औषधाचा विचार त्यानंतर.

गैरसमज : फिल्टर बदलला की काम झाले.

वस्तुस्थिती : नवा फिल्टर थोड्याच तासांत काळा झाला, तर घाण मागून येते आहे. आणखी एक खूण आहे. ओझ्याखाली इंजिन मरगळते, बंद पडते, थोडा वेळ उभे ठेवले की पुन्हा चालते, आणि नळी फुंकली की काही दिवस सुरळीत जातात. याचा अर्थ गाळ नळीच्या तोंडावर येऊन अडतो आणि मागे सरकतो. अशा वेळी टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही.

गैरसमज : डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही; रिकामी टाकी खुशाल वेल्डिंगला द्यावी.

वस्तुस्थिती : हा समज जिवावर बेततो. ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते, ते भारतीय मानकात किमान ३५ अंश ठेवले आहे. मे महिन्यात दौंडची हवाच ४० अंशांच्या पुढे जाते. उन्हातल्या पत्र्याचे तर विचारूच नका. पेटते ती वाफ आणि हवा यांचे मिश्रण, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत त्याला जागा जास्त. वेल्डिंगच्या ज्योतीने सांध्यातला गाळही तापून वाफ सोडतो. एकदा पाण्याने धुतली म्हणून टाकी सुरक्षित होत नाही. हे काम वाफेने टाकी साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावे; टाकी फारच सडली असेल तर दुसरी बसवणे स्वस्त पडते.

गैरसमज : पेट्रोल किंवा साबणाचे पाणी घालून खळखळवले की टाकी लख्ख.

वस्तुस्थिती : पेट्रोलचा अंश मागे राहिला तर आगीचा धोका वाढतो. साबणाचे पाणी कोपऱ्यात राहिले तर जे काढायला बसलो तेच आत भरले. साधी रीत बरी. हंगाम संपल्यावर, टाकीत डिझेल कमी असताना, सकाळच्या गारव्यात, मोकळ्या हवेत आणि बॅटरीची तार सोडून काम करावे. तळाचे डिझेल पारदर्शक बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे; पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. मग टाकी उतरवून थोड्या स्वच्छ डिझेलने, गाळ येईनासा होईपर्यंत विसळावी. तोंडातली जाळी, नळ्या आणि काचेची वाटी साफ करावी, दोन्ही फिल्टर बदलावेत, झाकणाला नवे रबर घालावे, झाकणाचे हवेचे भोक मोकळे आहे का ते पाहावे. शेवटी एअर काढावी. निघालेला गाळ ओढ्यात, कालव्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावा.

एरवी पाळायचे थोडेच आहे. डिझेल आणायला औषधाचा जुना कॅन किंवा जस्ताचा मुलामा असलेले भांडे वापरू नये. ओतताना जाळीचे नरसाळे लावावे. आणि फिल्टरखालच्या बोल्टातून ठरावीक दिवसांनी पाणी सोडावे. पावसाळ्यात जरा लवकर.