टिलामूकचं रान: चार वणवे आणि सव्वासात कोटींच्या घरातली रोपं

ऑगस्ट 1933. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, गेल्स क्रीकच्या खोऱ्यात लाकूडतोड चालू असताना आग लागली. काही दिवस ती कशीबशी आवरून धरली गेली. मग पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि डोंगरामागून डोंगर पेटले. राख पॅसिफिक महासागरातल्या जहाजांवर पडली. सुमारे 2,40,000 एकर रान गेलं, त्यात शेकडो वर्षांची डग्लस फरची झाडं होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं, तर रानाने स्वतःला बरंचसं सावरलं असतं. डग्लस फरचं पंखाचं बी वाऱ्यावर जातं, पण फार दूर नाही; जवळपास जिवंत मातृवृक्ष हवेत. मात्र 1939, 1945 आणि 1951 साली, म्हणजे दर सहा वर्षांनी, तिथे पुन्हा आग लागली. वाचलेली झाडं गेली आणि नवी रोपंही बी धरण्याच्या वयाला येण्याआधी जळाली. उभी वाळलेली खोडं पुढच्या आगीचं सरपण ठरली. चार वणव्यांत मिळून सुमारे 3,55,000 एकर होरपळले. खरं नुकसान या पुनरावृत्तीने केलं, असं माझं ठाम मत आहे.

जळालेल्या जमिनींच्या मालकांनी कर भरणं सोडलं. जमिनी काउंटींकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनांकडे, आल्या आणि काउंटींनी त्या उत्पन्नातल्या वाट्याच्या बोलीवर राज्याला दिल्या. 1948 मध्ये मतदारांनी वनीकरणासाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली, तीही निसटत्या बहुमताने. ज्या झाडांची तोड आपल्या हयातीत होणार नाही, त्यांच्यासाठी सर्वसामान्यांनी कर्ज काढलं, याचं मोल मला फार वाटतं.

1949 पासून काम सुरू झालं. रोपांइतकीच मेहनत आगीच्या बंदोबस्तावर झाली: रस्ते काढले, आग अडवणारे जाळपट्टे आखले, त्या पट्ट्यांतली वाळकी खोडं पाडली. या कामाला कैदीही होते. हेलिकॉप्टरमधून बी पेरलं, त्यातलं पुष्कळ उंदरांनी फस्त केलं. शेवटी भरवशाचा ठरला तो माणसाचा हात. पोर्टलंडच्या शाळकरी मुलांपासून मजुरांपर्यंत अनेकांनी मिळून सुमारे 7 कोटी 20 लाख रोपं लावली. सह्याद्रीत जुलैत रोपं लावून फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात ती गमावणाऱ्यांनी हा बंदोबस्त नीट पाहावा. जाळपट्टा काढलेला नसेल, तर रोपांवरचा खर्च मातीत जातो.

1973 मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या हस्ते हे पुन्हा उभं केलेलं रान टिलामूक राज्यवन म्हणून जाहीर झालं.

पण लावलेलं रान बहुतांशी एकाच जातीचं आणि जवळपास एकाच वयाचं होतं. 1990 च्या दशकापासून समुद्राजवळच्या उतारांवर ‘स्विस नीडल कास्ट’ या बुरशीजन्य रोगाने जोर धरला. फरच्या सुया पिवळ्या पडून अकाली गळतात आणि झाडाची वाढ मंदावते. आता तिथले वनाधिकारी नव्या लागवडीत फरच्या जोडीला हेमलॉक, सीडर, स्प्रूस अशी झाडं लावतात.