एका तळव्यावरचा वाद्यमेळ

खंजेरी एकदा हातात घेऊन बघावी. वीतभर रुंदीचं लाकडी कडं, एका अंगाला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमध्ये सैल अडकवलेल्या पितळी चकत्यांच्या जोड्या. तार नाही, पेटी नाही. खांद्यावरच्या पिशवीत ती सहज मावते. पुलगावच्या नावातच पूल आहे. त्या पुलाखालून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. आणि या दोन्ही काठांवरच्या गावांनी या एवढ्याशा वाद्याच्या तालावर रात्रीच्या रात्री जागून काढल्या आहेत. शेतकऱ्याची, मजुराची, हमालाची गाणी इथे तिच्यावर वाढली. एवढी माणसं एवढ्याशा कड्याने कशी बांधून ठेवली, याचं नवल मला अजून वाटतं.

नवलाची उकल कातड्यापासून सुरू होते. सतारीची तार छेडली की मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही उठतात. त्यांचं हे नेटकं प्रमाण कानाला एकजीव लागतं आणि आपण त्याला सूर म्हणतो. गोल ताणलेलं साधं कातडं असं वागत नाही. त्याचं मूळ कंपन एक धरलं, तर पुढची कंपनं साधारण १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी येतात. म्हणून थापेचा नाद घुमतो, पण ठरावीक सुरावर बसत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या कारागिरांनी मधोमध शाई चढवून ही कंपनं जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात आणली. ती किमया सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये विज्ञानाच्या भाषेत उलगडून दाखवली. खंजेरीला शाई नाही. पण हीच तिची श्रीमंती! तबला गायकाच्या सुराला मिळवून घ्यावा लागतो. खंजेरी कोणाच्याही गळ्याला अडवत नाही. ढाल्या आवाजाचा गडी गावो, चढ्या आवाजाची बाई गावो किंवा आवाज फुटलेला पोरगा, तीच खंजेरी, तीच थाप. ज्याला सुराचं शिक्षण मिळालं नाही, त्यालाही तिने गाण्यात उभं केलं.

आणि त्या चकत्या! थापेचा नाद खालचा, जमिनीला धरून चालणारा. चकत्यांचा नाद उंच आणि धारदार. माणसाचा कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून उघड्या मैदानात, शंभर माणसांच्या कुजबुजीतून, मुलांच्या रडण्यातूनही तो छणत्कार शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो. एकाच हालचालीत ढोलही वाजतो आणि झांजही. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल पडतं. मग वादक ते विस्तवाच्या उबेला धरतो, ओल उडते, कातडं पुन्हा ताठ होतं. आकार आणि ताण बदलला की नादाची उंची बदलते. सात वेगवेगळ्या खंजेऱ्या पुढ्यात मांडून सत्यपाल महाराजांनी वऱ्हाडात जी सप्तखंजेरी लोकप्रिय केली, तिच्यात हेच दिसतं.

एवढ्याशा वाद्याने एवढी माणसं बांधण्याचं हे कोडं मला सातासमुद्रापार घेऊन जातं. १९२७ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर हा माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला आणि डोंगराळ भागातल्या गाणाऱ्यांना त्याने बोलावलं. ब्रिस्टलही सीमेवरचं गाव. त्याच्या मुख्य रस्त्याची एक बाजू टेनेसी राज्यात, दुसरी व्हर्जिनियात. तिथे कार्टर कुटुंब आलं. त्यातल्या मेबेल कार्टर अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवत आणि त्याच वेळी बोटाने उरलेल्या तारांवर ताल धरत. एका वाद्यात दोन वाद्यं! काही दिवसांत तिथेच आला जिमी रॉजर्स, मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचा रेल्वे कामगार. क्षयाने पोखरलेला हा माणूस पुढे 'गाणारा ब्रेकमन' म्हणून देशभर गाजला आणि १९३३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. कंट्री म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्याची लोकप्रिय परंपरा या दोन मुद्रणांपासून मोजतात. रॉजर्सच्या तबकड्या केनियातल्या किप्सिगिस लोकांपर्यंत पोचल्या. त्यांनी त्याला अर्धा माणूस, अर्धा हरिण असा अद्भुत जीव मानून स्वतःचं गाणं रचलं. ह्यू ट्रेसी यांनी ते १९५० मध्ये मुद्रित केलं.

ब्रिस्टलला यंत्र फिरत होतं, त्या वर्षी यावलीचा माणिक बंडोजी इंगळे १८ वर्षांचा होता. त्याचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याचं नाव ठेवलं तुकड्या, आणि तेच पुढे भजनांच्या शेवटी मुद्रा म्हणून येऊ लागलं. मराठी आणि हिंदी दोन्हींत हजारो भजनं या तुकडोजी महाराजांनी रचली, खंजेरीवर म्हणायची. चाल अशी की पहिल्यांदा ऐकणारा तिसऱ्या आवर्तनाला सोबत म्हणू लागतो. माझ्या मते भजन टिकतं ते ध्रुवपदामुळे. पुढचा गाणारा कडवं घेतो, पण ध्रुवपद मंडळींचं असतं. ऐकणाऱ्याचं काम त्या रचनेतच वाटून दिलेलं असतं. जे गाणं आपण स्वतः शंभरदा म्हटलं, ते विसरायचं कसं? तबकडी नसली तरी असं गाणं माणसामाणसांतून पुढे सरकतं.

१९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून तुकडोजी महाराज सेवाग्रामला राहून आले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' चळवळीत चिमूर पेटलं, आपल्या वर्धा जिल्ह्यातलं आष्टी पेटलं. महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आलं. हातातल्या खंजेरीचा सरकारला किती धाक वाटला असेल, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत हीच खंजेरी वाजली. ग्रामगीतेचे ४१ अध्यायही त्यांचेच. त्यात गावाची स्वच्छता, शेती, शिक्षण, व्यसनं हेच विषय आहेत आणि भजनांतही. कंट्री गाण्यातला कामगार आपलं दुःख सांगतो; खंजेरीचं भजन दुःख सांगून थांबत नाही, उद्या सकाळी झाडू हातात घ्यायला लावतं. मला हे भजन थोर वाटतं ते यासाठी.

वऱ्हाडात आजही खंजेरी भजनाच्या स्पर्धा भरतात, बायकांची आणि मुलांची मंडळंही उतरतात. पुलगावच्या आसपास कुठे असा फलक दिसला, तर एक रात्र काढून जा. पुढे बसू नका, शेवटच्या ओळीत बसा आणि चकत्यांचा नाद तिथवर कसा येतो ते ऐका.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. दर पुण्यतिथीला मोझरीत लाखो माणसं जमतात, आणि त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, सगळी स्तब्ध उभी राहतात. त्या क्षणी खंजेरीही गप्प असते.