ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना, मग घसरलो कसा?



गेल्या हिवाळ्यात मी गाडीसकट एका उतारावरून घसरत गेलो आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतलो. मला काही लागलं नाही, पण लाज मात्र पुष्कळ वाटली. कारण माझी पीएचडीच मुळी टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीवर चालू आहे!

मी राहतो अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला. लेक सुपिरिअरवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे इथल्या काही भागांत एका हिवाळ्यात पाच मीटरच्या वर बर्फ पडतो. म्हणून मी जुनी का होईना, ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घेतली. त्या दिवशी माझ्यापुढे लॅबमेटची साधी सेडान होती, फक्त पुढची चाकं ओढणारी. टेकडी चढताना ती धडपडत गेली, मी आरामात. पलीकडे उतरताना ती खालच्या चौकात नीट थांबली. माझी गाडी थांबेना. तिच्या गाडीवर आदळायला नको म्हणून मी स्टिअरिंग ढिगाकडे वळवलं.

असं का झालं ते या पोस्टमध्ये बघू. आणि शेवटी, तुम्ही संशोधनाचा प्रश्न ठरवत असाल तर यातून काय घ्यायचं, तेही.

आधी बर्फ

टायरला मिळणारं जास्तीत जास्त बळ म्हणजे त्यावरचं वजन गुणिले घर्षणांक. कोरड्या डांबरावर हा घर्षणांक साधारण ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ इतका खाली येतो. माझे टायर ऑल सीझन होते, त्यांच्यासाठी ०.२ धरू. लॅबमेटचे विंटर टायर होते, त्यांच्यासाठी ०.३. हे आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा कळायला पुरेसे.

इंजिनची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडीचं सगळं वजन ओढायच्या कामी येतं. म्हणजे माझी गाडी २० टक्के चढ (१०० मीटर पुढे गेल्यावर २० मीटर वर) चढू शकते. हेच ऑल सीझन टायर सेडानला असते तर? पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के वजन, त्यात चढावर थोडं वजन मागे सरकतं. हिशेब केला तर ती ११ टक्क्यांच्या आसपास अडकते. विंटर टायरवर तीच सेडान १६ टक्क्यांपर्यंत जाते. आमची टेकडी १५ टक्क्यांची धरा. म्हणून ती धडपडली आणि मी आरामात गेलो.

आता उतार. आणि इथेच सगळी गंमत आहे. ब्रेक *प्रत्येक* गाडीत चारही चाकांना असतात! ब्रेक दाबल्यावर इंजिन किती चाकांना जोडलंय याने जवळपास काही फरक पडत नाही. उरतो तो फक्त टायर. १५ टक्के उतारावर गुरुत्वाकर्षण तुम्हाला खाली खेचतच असतं, त्यामुळे पकडीतून उतार वजा करावा लागतो. माझ्याकडे ०.२ वजा ०.१५, म्हणजे जेमतेम ०.०५ शिल्लक. तिच्याकडे ०.१५. ताशी ३० किलोमीटर वेगावरून थांबायला तिला सुमारे २४ मीटर लागतात आणि मला सुमारे ७१ मीटर. तिप्पट!

थोडक्यात, ऑल व्हील ड्राइव्ह तुम्हाला अशा जागी नेऊन सोडतं जिथून खाली उतरण्याइतकी पकड तुमच्याकडे नसते. वळणाचंही तसंच. भर इतकीच की चढताना चाकं फिरली नाहीत, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच आला नाही. लॅबमेटला तो आला होता, म्हणून ती जपून उतरली.

विंटर टायरमध्ये वेगळं काय असतं? त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक चिरा असतात. खाचांमध्ये बर्फ भरतो आणि रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. बर्फाची बर्फाशी पकड रबरापेक्षा चांगली असते. टायर घेताना बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघा. ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. नुसतं 'एम अधिक एस' लिहिलेलं असेल तर त्यासाठी अशी चाचणी द्यावी लागत नाही.

आता चिखल

मला वाटायचं की चिखल म्हणजे फक्त आणखी कमी घर्षणांक. तसं नाही. बर्फाच्या घट्ट थरावर चाक *वर* राहतं, चिखलात ते *आत* जातं. मग जमीन स्वतःच तुटते आणि सरकते.

या विषयाचा पाया घातला तो एम. जी. बेकर या पोलंडमधून आलेल्या इंजिनिअरने. १९५६ साली त्यांचं 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन' हे पुस्तक आलं. पुढे चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या कामातही ते होते. ती गाडी १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत पहिल्यांदा चंद्रावर धावली. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र मोटर होती, म्हणजे तीही ऑल व्हील ड्राइव्हच.

मूळ सूत्र सोपं आहे:

जास्तीत जास्त ढकलबळ = (टेकलेलं क्षेत्रफळ × मातीचा चिकटपणा) + (वजन × कणांमधलं घर्षण)

कोरड्या वाळूत चिकटपणा जवळपास शून्य, सगळा खेळ वजनाचा. ओल्या चिकणमातीत उलट, घर्षण जवळपास शून्य आणि खेळ क्षेत्रफळाचा. म्हणजे चिखलात गाडी जड केली तर पकड वाढत नाही, गाडी नुसती जास्त रुतते.

१७०० किलोची एसयूव्ही घ्या. चारही टायर मिळून ०.१२ चौरस मीटर जागा टेकतेय आणि चिकटपणा १० किलोपास्कल आहे असं धरा. ढकलबळ येतं वजनाच्या ७ टक्के. दोनच चाकं ओढत असतील तर ३.५ टक्के. म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हने बळ दुप्पट झालं, मान्य. पण रुतलेल्या चाकाला वजनाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त रोध सहज होतो. दुप्पट होऊनही पुरत नाही!

कोकणात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं का लावतात ते आता लक्षात येईल. रबरी टायरच्या खाचा चिकणमातीने भरल्या की तो गुळगुळीत गोळा होतो. रस्त्यावरच्या एसयूव्हीच्या टायरचंही तेच.

शिवाय अशा बऱ्याच गाड्यांत मागची चाकं तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांमधून जोडली जातात. चाकं खूप वेळ नुसतीच फिरत राहिली की क्लच तापतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देतो. म्हणून चिखलात रुतल्यावर रेस करत बसू नका. टायरमधली हवा थोडी कमी करा (टेकणारी जागा वाढते), चाकांपुढचा चिखल काढा, फळी किंवा फांद्या घाला आणि हळू निघा. डांबरावर आल्यावर हवा परत भरायला विसरू नका.

संशोधनासाठी काय घ्यायचं?

वरची सगळी सूत्रं मला त्या दिवशीही पाठ होती. चुकला होता तो प्रश्न. "ऑल व्हील ड्राइव्ह बर्फात चांगलं का?" असा माझा प्रश्न होता. याचं उत्तरच नाही. प्रश्न असा हवा: *कोणतं काम करताना* (चढणं, थांबणं की वळणं), *कोणत्या पृष्ठभागावर*, *कशाच्या तुलनेत* आणि *काय सारखं ठेवून?*

मी ड्राइव्हची तुलना करत होतो, पण टायर सारखे ठेवलेच नव्हते. चढावर यश मिळालं आणि मी ते न तपासता उताराला लावलं. आपल्या प्रपोजलमध्येही हेच होतं. एका परिस्थितीतला चांगला निकाल आपण गुपचूप दुसऱ्या परिस्थितीत नेतो. आणि बर्फाचं मॉडेल चिखलाला लावणं म्हणजे आकडा बदलून भागेल असं समजणं, जेव्हा मुळात सूत्रच बदलायला हवं असतं.

तर आज एक काम करा. तुमचा संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहा आणि वरच्या चार गोष्टी त्यात सापडतात का बघा. एखादी नसेल तर गाइडकडे जायच्या आधी भरून काढा.

मी विंटर टायर घेतलेत. उतारावर अजूनही लॅबमेटच्या मागे जरा जास्तच अंतर ठेवतो.