मागाची खडखड
इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर माणसं खुणांनी बोलतात. धोट्याच्या खडखडाटात शब्द पोचतच नाही. ‘सवय होते हो,’ म्हणतात. सवय कसली, कान जातो! कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली पुन्हा उगवत नाही. आधी हरवतात वरच्या पट्टीतले आवाज: स, श, फ. म्हणून घरी बायको बोलतेय हे कळतं, काय म्हणतेय ते कळत नाही. ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम चालतं असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं! कापसाच्या बोळ्यानं भागत नाही. फोमचा प्लग बारीक वळा, कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा.