सीनाय पर्वत चढताना

मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत म्हणजे इजिप्तमधील ‘जबल मूसा’, अशी परंपरागत श्रद्धा आहे. जगभरातील चर्चचे गट येथे येतात. पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेल्या आपल्याकडील गटांच्या कार्यक्रमातही कधी कधी हा डोंगर असतो. अशा गटांत साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ. त्यांची आयुष्यभराची इच्छा सुखरूप पुरी व्हावी, म्हणून या चार सूचना.

डोंगराची उंची २,२८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे ६४० मीटर जास्त. मात्र पायथ्याचा सेंट कॅथरिन मठच दीड हजार मीटरच्या वर असल्याने प्रत्यक्ष चढ साधारण सातशे मीटरचा आहे. माथ्यावरून सूर्योदय पाहण्यासाठी गट मध्यरात्रीनंतर निघतात आणि दोन-तीन तास चालतात. वाटा दोन आहेत. उंटांची वाट लांब पण सोपी. सुमारे ३,७५० पायऱ्यांची वाट जवळची पण उभ्या चढाची. वयस्कांनी पहिलीच धरावी. उंटावर बसून गेले तरी शेवटच्या साडेसातशे पायऱ्या पायीच चढाव्या लागतात, हे आधी लक्षात घ्यावे.

थंडी आणि पाणी : वाळवंट म्हणताच आपल्याला ऊन आठवते, पण हिवाळ्यात रात्री माथ्यावर पारा शून्याखाली जातो. घामाने भिजलेले कपडे वर बसल्यावर अंग गारठवतात. म्हणून कोरडे बनियन, स्वेटर व कानटोपी पिशवीत हवीच. थंडीत तहान जाणवत नाही, उतारवयात तर ती मुळातच मंदावते. तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाणी प्यावे.

मधुमेह व हृदयविकार : यात्रेपूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळाही विचारून ठेवाव्यात. मधुमेहींनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हातापायांना कंप, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. छातीत दडपण आले, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर तेथेच बसावे, सोबत्यांना सांगावे व तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

गुडघे : खरी परीक्षा उतरताना होते. प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यांवर येतो. काठी, विजेरी आणि पायात न सरकणारे, आधीपासून वापरातले बूट असावेत. महिनाभर आधीपासून रोज चालावे, जिने चढावे आणि उतरावेही.

आता सर्वांत महत्त्वाचे. “इतक्या लांब आलो, आता माघार कशी घ्यायची?” या संकोचापायी माणसे दुखणे लपवतात. थांबणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे, हे पाळकांनी किंवा गटप्रमुखांनी आदल्या संध्याकाळीच सर्वांसमोर सांगावे. गटाने सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालावे. दोघादोघांच्या जोड्या कराव्यात. वाटेवरील बदाऊनांच्या चहाच्या टपऱ्यांपाशी माणसे मोजावीत.

खाली आल्यावर जागरणाच्या अंगाने लगेच मठ पाहायला रांगेत उभे राहू नये. घेरी येण्याचा संभव असतो. आधी न्याहारी व विश्रांती घ्यावी. सहाव्या शतकापासून उभा असलेला तो मठ आणि त्यातील जळत्या झुडपाची जागा पाहण्यासारखी आहे. ज्यांना माथा झेपणार नाही, त्यांनी पायथ्याशीच मुक्काम करून सकाळी ताजेतवाने होऊन मठ पाहावा. त्यांचीही यात्रा पूर्णच झाली, असे समजावे.